बंड्या, मी अजून मत दिलेलं नाही

प्रिय बंड्या,

तुझ्या मेलला तीन महिने झाले. रोस्टर सारखं बदलत होतं म्हणून राहून गेलं, असं लिहिणार होतो. पण तुला माझी थाप पहिल्या ओळीतच कळते. लाज वाटत होती म्हणून लिहिलं नाही. तब्येत बरी. मेडिकल पास, बीपी काठावर. झालं.

इथे आम्हा वैमानिकांच्या संपाचं मतदान सुरू झालंय आणि मी अजून मत दिलेलं नाही. मी! सगळ्यांनी एकदम आजारी रजा टाकली त्या 'सामूहिक आजारपणा'त तू कामावर आलास म्हणून फळ्यावर तुझं नाव लिहून फुली मारणारा मी. हस, तुझा हक्क आहे.

व्यवस्थापनाचा प्रस्ताव ऐक. आम्हा जुन्या कॅप्टनांना घसघशीत वाढ आणि यापुढे भरती होणाऱ्यांना वेगळी, खालची श्रेणी. म्हणजे उजवीकडच्या खुर्चीतला पोरगा, माझा सहवैमानिक, तेच विमान, तेच वादळ, तीच रात्र कमी पगारात उडवणार. युक्ती जुनीच आहे. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सचे वैमानिक याच दुहेरी श्रेणीवरून २९ दिवस संपावर होते. पण यात खरी मेख कुठे आहे माहीत आहे? ज्यांच्यासाठी भांडायचं ते अजून कंपनीत आलेलेच नाहीत, त्यांना मत नाही. मत मला आहे, आणि वाढही मलाच मिळतेय. प्रस्ताव लिहिणारा माणूस हुशार आहे. एखाद्या रात्रीच्या उड्डाणाला त्याला माझ्या शेजारी बसवावा असं फार वाटतं.

गेल्या महिन्यात नव्या गुंतवणूकदारांचा प्रतिनिधी येऊन गेला. सभ्य माणूस, वहीत टिपून घेत होता. त्याच्या स्लाइडवर आम्ही 'प्रति आसन-किलोमीटर खर्च' या तक्त्यात, इंधनाच्या बरोबर खाली. आपला लंबू उठून म्हणाला, "साहेब, इंधनाला सलग तीन रात्री जागवलं तरी चालतं, आम्हाला नाही चालत." सगळे हसले, तोही हसला, आणि पुढची स्लाइड आली. त्याच्यावर तरी किती चिडू? २०१७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने करार संपायच्या आतच वैमानिकांना वाढ जाहीर केली, तर शेअर पडला आणि एका विश्लेषकाने कुरकुर केली की भागधारकांना उरलंसुरलं मिळणार. म्हणजे उद्या आमच्या साहेबांना सुबुद्धी सुचली तरी बाजार त्यांचाच कान पिळणार.

आणि मग रात्री दोन वाजता तुझं ऑस्ट्रेलिया आठवतं. त्यावरून आपण लेओव्हरच्या मुक्कामात किती भांडलो होतो! १९८९, तिथल्या वैमानिकांचं आंदोलन. आधी २९.४७ टक्क्यांची मागणी, मग 'सकाळी ९ ते संध्याकाळी ५ एवढंच उडवू', मग एकगठ्ठा राजीनामे. सरकारने हवाई दलाची विमानं लावली आणि कितीतरी जणांना ती खुर्ची पुन्हा मिळालीच नाही. मी म्हणालो होतो, चूक राजीनाम्यांची, संपाची नव्हे. तू म्हणालास, "घरी बसल्यावर दोन्ही सारखंच." तेव्हा तुला भित्रा म्हणालो होतो. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ईस्टर्न एअरलाइन्सचे वैमानिक मेकॅनिकांच्या संपात उतरले, नोव्हेंबरमध्ये माघार घेतली, आणि जानेवारी १९९१ मध्ये कंपनीच बंद. ईस्टर्नचा मालक फ्रँक लोरेंझो, त्याला मी अजूनही शिव्या घालतो; पण शिव्यांनी कुणाची ज्येष्ठता परत आली नाही. आपल्या धंद्याचं हेच दुखणं आहे. उड्डाणाचे तास नव्या कंपनीत सोबत येतात, ज्येष्ठता येत नाही. कंपनी बुडाली तर या वयात मी दुसरीकडे यादीच्या तळाला, आणि माझा कॅप्टन माझ्याच हाताखाली शिकलेला असेल. घराचे हप्ते अकरा वर्षं बाकी आहेत, ते वेगळंच.

पैशाची भीती एवढी वाटेल असं वाटलं नव्हतं. तुझी तर तेव्हा दोन कर्जं होती आणि वडील अतिदक्षता विभागात होते. मला माहीत होतं. फुली मारताना माहीत होतं, बंड्या.

तुझं सिम, म्हणजे सिम्युलेटरचं काम, कसं चाललंय? वहिनींचा गुडघा? लंबू म्हणाला, तुझ्या पोरीने सोलो केलं, एकटीने विमान उडवलं. शाब्बास! माझ्याकडून तिला एक धपाटा. लायसन्स घेऊन ती इथे आली तर कुठल्या श्रेणीत बसेल, हे तुला सांगायला नको. लंबूने बातमी दिल्यापासून दोनदा मतदानाचं पान उघडलं आणि दोनदा मिटलं.

एक विचारायचं राहिलंय. त्या दिवशी तू एकटाच आलास, सगळ्यांसमोरून बॅग ओढत गेलास, आणि मी पाठ फिरवली. विमान वेळेवर उडालं, म्हणजे उजवीकडे कुणीतरी बसलंच होतं. कोण होतं? तू कधीच नाव घेतलं नाहीस, म्हणून फुली एकट्या तुझ्यावर राहिली.

मतदान गुरुवारी रात्री बंद होतंय. त्याआधी फोन कर. सिमच्या ब्रेकमध्ये केलास तरी चालेल, तुझ्या त्या फुकट कॉफीचे भुरके ऐकून घेईन.

तुझा,
जाड्या