ताई, उद्या मी आंब्यावरून पडलो तर?

ताईस सप्रेम नमस्कार,

गणपतीला पाच दिवस वाडीत आलीस आणि त्यातल्या तीन रात्री माझ्या रेपोंत, म्हणजे प्रोग्रामचा कोड ठेवायच्या साठ्यांत, घातल्यास. आरती आटपली, पोरं पत्त्यांना बसली, की तू पडवीत लॅपटॉप उघडून म्हणायचीस, "आण तुझा माळा." व्हॉट्सअ‍ॅपवर आभार मानले तर नुसता अंगठा पाठवून मोकळी होशील, म्हणून हे उघड पत्र.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. रत्नागिरीच्या वर-खाली सात बंदरांची भरती-ओहोटी सांगणारा एक छोटा प्रोग्राम मी चार वर्षं लिहितोय. मोफत आणि मुक्त. जेटीवर रंगवलेल्या पट्टीवरचं पाणी चौघं जण वाचून पाठवतात, त्यावर चंद्र-सूर्याच्या चालींचा हिशेब बसवला की पुढच्या वेळा निघतात.

हिशेब बरा होता, बोंब होती ती ठेवणीची. एकूण ११ रेपो. सात बंदरांना सात, वेबपानाला एक, फोटोंना एक, पंचांगाला एक आणि अकरावा कशाला काढला ते मलाच आठवेना. हिशेबाचा कोड सातही ठिकाणी चिकटवलेला, त्यामुळे जयगडला सुधारलेली चूक पूर्णगडला दोन महिने तशीच राहिली होती. तू विचारलंस, "एक चूक काढायला सात घरं फिरावी लागतात, तर ही सात घरं कशी? सात खोल्या म्हण." आता दोनच रेपो आहेत. एकात हिशेब, वेबपान, पंचांग सगळं, दुसऱ्यात फक्त पट्टीवरची मोजमापं. मोजमापं वेगळी का, हेही तूच सुचवलंस. ती पाठवणाऱ्यांना कोडशी देणंघेणं नाही, आणि त्यांचं लायसन्सही वेगळं हवं. प्रोग्रामला जीपीएल, म्हणजे वापरा, बदला, पण पुढे वाटताना मुक्तच ठेवा. आकड्यांना सीसी-झीरो, म्हणजे कसलीच अट नाही. तोवर मी लायसन्सच घातलं नव्हतं. "मुक्त" असं मोठ्या अक्षरात लिहिलं की झालं, अशी माझी समजूत. जुने रेपो मी उडवायला निघालो होतो, तू ते अर्काइव्ह करायला, म्हणजे फक्त वाचण्यापुरते ठेवायला लावलंस. कुणाच्या तरी जवळ जुना दुवा असतोच.

मग क्लोन, म्हणजे अख्ख्या रेपोची प्रत उतरवणं. सड्यावर जाऊन हॉटस्पॉटवरून लावलेला क्लोन ९ टक्क्यांवर अडकला, तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा होता. रेपो दीड जीबीच्या वर गेलेला. जेटीचा १४० एमबीचा व्हिडिओ होता. माझे रेपो ज्या साइटवर आहेत ती गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही, म्हणून मी त्याचे दोन तुकडे करून आत घातले होते! तू इतकी हसलीस की आतून काकी बाहेर आल्या.

हसणं थांबलं ते स्कॅनपाशी. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीच्या तक्त्यांचं पुस्तक काढतो, त्याची पानं मी ताडून बघायला रेपोत टाकली होती. "दुसऱ्याच्या पुस्तकाची पानं आपल्या नावावर वाटणार तू?" मी म्हटलं, गेल्या वर्षीच काढलीत. तू काही न बोलता जुना कमिट, म्हणजे बदलाची जुनी नोंद, उघडलास, पान समोर, शिक्क्यासकट. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम, त्यात आज फाइल काढली तरी कालच्या कमिटमध्ये ती राहते, हे मला पाठ होतं, पण स्वतःच्या घरात बघितलं नव्हतं. मग फिल्टर-रेपो नावाचं अवजार चालवून व्हिडिओ आणि स्कॅन इतिहासातून मुळासकट काढले. रेपो ४० एमबीच्या आत आला. कमिटचे क्रमांक बदलले, चौघांना नव्याने क्लोन करा म्हणून फोन केले. एकाने ऐकलं नाही, जुन्या प्रतीतून पुश केलं, म्हणजे आपले बदल वर चढवले, आणि पानं पुन्हा हजर. दुसऱ्या रात्री सगळं परत. तू चिडली नाहीस, याचे वेगळे आभार.

ठेवायचं कुठे, यावर आपण जास्त भांडलो. मला घरच्या जुन्या पीसीवर फोर्जेयो, म्हणजे गिटहबसारखी साइट स्वतः चालवायचा प्रोग्राम, चालवायचं होतं. आपला कोड, आपलं घर. तू एवढंच म्हणालीस, "पावसाळ्यात लाइट किती वेळ गेली ते लिहून काढ." मी वहीत लिहायला घेतलं आणि श्रावणापर्यंत पोचता पोचता वही मिटली. जूनमध्ये विजेने राउटर जळाला तो तर वेगळाच.

तुझा जीव कोडबर्गवर. तेही रेपो ठेवायचं ठिकाण, बर्लिनची ना-नफा संस्था, सभासदांनी चालवलेली, खाली फोर्जेयोच. गिटहब २०१८पासून मायक्रोसॉफ्टचं, हे तू तीनदा ऐकवलंस. तरी सल्ला दिलास तो गिटहबचा, कारण इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांची खाती तिथे आहेत आणि नवीन खातं काढा म्हटलं की निम्मी गळतात. स्वतःच्या आवडीविरुद्ध सल्ला देणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. पण विसंबायचंही नाही, असं बजावलंस. अशाच साइटांपैकी गिटोरियस २०१५मध्ये गेलं, गूगल कोड २०१६च्या जानेवारीत मिटलं, आणि २०१४च्या डिसेंबरात तर आपल्याच देशात ३२ संकेतस्थळं अडवली गेली, त्यात गिटहब होतं. म्हणून आता एका पुशमध्ये कोड दोन्हीकडे जातो. कोडबर्गवर प्रत तयार असते. कोड उचलून नेता येतो, पण इश्यूमधली, म्हणजे साइटवर नोंदवलेल्या अडचणींखालची, चर्चा गिटबरोबर येत नाही. ती महिन्यातून एकदा उतरवून ठेवणारी स्क्रिप्टही तूच लिहून गेलीस.

आणि तो प्रश्न. "उद्या तू आंब्यावरून पडलास, तर पासवर्ड कोणाकडे?" सगळं माझ्या खासगी खात्यावर होतं. त्याच रात्री प्रोग्रामच्या नावाने सामाईक खातं काढलं, त्याला दोन मालक. रिकव्हरी कोड कागदावर छापून देवघरातल्या पोथ्यांच्या कपाटात ठेवलेत. आईला सांगितलंय, ती हळदीकुंकू लावते त्याला.

एक गोष्ट मात्र तुझीही नाही, जेटीवरच्या काकांची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, असं ते सांगत आलेत. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, पौर्णिमेला पंधराची सव्वा अकरा. मी ते ऐकून सोडून देत होतो. तू त्याची प्रत्येक बदलावर आपोआप चालणारी टेस्ट केलीस. प्रोग्रामचं उत्तर पाऊणपटीपेक्षा दीड तासाहून जास्त हललं की बिल्ड लाल, म्हणजे बदल नापास. दिवाळीनंतर कॉलेजातल्या एका मुलाने पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल आत घ्यायची विनंती, पाठवली. बदल दिसायला साधा, फक्त टाइमझोनचं अधिक-उणे चिन्ह उलटं पडलेलं. टेस्ट लाल झाली. त्याने विचारलं, "पाऊणपट म्हणजे काय?" मी त्याला जेटीवर काकांकडे पाठवलं.

रीडमी, म्हणजे रेपोचं माहितीपान, आता मराठीत आहे, मदत करणाऱ्यांची यादीही. त्यात काकांचं नाव आहे, पट्टी वाचणाऱ्यांचं आहे, त्या मुलाचं आहे. तुझं नाही, कारण तू "नको रे" म्हणून गेलीस. तर मी पुल रिक्वेस्ट उघडून ठेवलीय. एका ओळीची. आपल्याच नियमाप्रमाणे दुसऱ्या मालकाच्या मंजुरीशिवाय ती आत जात नाही, आणि दुसरी मालक तू आहेस.

तुझा,
पडवीतला