गाजर दाखवलंत, गाजर गवत दिलंत

मा. अधिकारी साहेब, मुंबई महापालिका,
सप्रेम नमस्कार.

विषय : आपण फुकट दिलेल्या खताबरोबर फुकट आलेल्या तणाबाबत.

गेल्या वर्षी ५ जूनला, पर्यावरण दिनानिमित्त, आपण आमच्या सोसायटीत येऊन रोप लावलंत त्याबद्दल प्रथम आभार. रोप जगलं नाही, पण तो आजचा विषय नाही. त्या दिवशी माइक हातात घेऊन आपण म्हणाला होतात, "बागेचा कचरा आम्हाला द्या, आम्ही तुम्हाला सोनं देऊ." टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होतो. पालिकेच्या खताच्या खड्ड्यावर पावसाआधी शेड घालू, ढिगाचं तापमान मोजायची सळई आणू, खत तपासूनच वाटू आणि करात सूट मिळवून देऊ, ही चारही वाक्यं माझ्या वहीत तारखेनिशी आहेत. छत्तीस वर्षं कारकुनी केली, साहेब. लिहून ठेवायची खोड जात नाही.

शेड आली नाही, सळई आली नाही, करसवलतीचं नाव नाही. आल्या त्या खताच्या सहा गोण्या, मे महिन्यात. मी स्वतः हातगाडी ढकलत आणल्या आणि कंपाउंडलगतच्या पट्ट्यात पसरल्या. तिथे हिची अबोली आहे, मोगरा आहे, गवती चहा आहे. जूनच्या पहिल्या पावसात सगळं हिरवंगार झालं. हिला वाटलं, खताचा गुण. आठ दिवसांनी कळलं की हिरवं आहे ते आमचं नाहीच, तण आहे. मधे केना, कडेला लव्हाळा आणि सगळीकडे गाजर गवत.

हे गवत १९५५च्या सुमारास पुण्याजवळ दिसलं, अमेरिकन गव्हाबरोबर आलं म्हणतात. लोकांनी त्याला काँग्रेस गवत नाव ठेवलं. पुढे किती सरकारं आली-गेली, गवत तिथेच आहे. एका झाडाला दहा हजार बिया येतात म्हणे, कुणी पंचवीस हजारही सांगतं. आमच्या पट्ट्यात मी उपटेपर्यंत बारा झाडं फुलली होती. कमीतला आकडा धरला तरी लाखाच्या वर. आपल्या खात्यात याला बहुधा 'किरकोळ' म्हणत असतील.

उपटायला हातमोजे घालायला हवे होते, ही माझी चूक. दोन्ही हातांवर, मानेवर पुरळ उठलं. रात्रभर खाजवतोय, दिवसा मलम लावतोय. डॉक्टर म्हणाले, त्या झाडाजवळ जाऊ नका. कुठे जाऊ? ते माझ्या जिन्याखाली आहे. हिला तर परागकणांनी शिंका आणि धाप. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर विचारलं, "काका, तुमचं सोनं कधी काढताय?" गुडघ्यांचं सांगत नाही. वय अडुसष्ट, ओल्या मातीत उकिडवं बसणं, एवढं आपण समजून घ्याल.

आता खताबद्दल, कारण ते आपल्याकडे कुणी बोलत नाही. तणाचं बी मारायला ढिगाच्या पोटात ५५ अंशांची ऊब टिकावी लागते. लांब उघड्या ढिगाला पंधरा दिवस आणि तेवढ्यात पाच वेळा उलथापालथ, असा हिशेब परदेशांत नियमातच आहे. कडेचा कचरा थंड राहतो, म्हणून बाहेरचा आत घालायचा. आपल्या खड्ड्याला छप्पर नाही. गेल्या वर्षीच्या जुलैत तो पाण्याने भरला, ढीग गार पडला, हवा कोंडली आणि उरला चिखल अन् वास. गणपतीनंतर फुटपाथवरचं गवत कापलं ते बियांवर आलेलंच होतं, तेही त्यातच. लव्हाळ्याला बीही लागत नाही. जमिनीखाली गाठींची माळ असते, फावड्याने तोडली की एका माळेचे चार संसार होतात. केन्याची कांडी ओल्या मातीला टेकली की मुळं धरते.

हे मी पुस्तकातून नाही, चुकांतून शिकलो. आता आमच्याकडे झाकणाचा निळा पिंप आहे. उपटलेलं तण महिनाभर पाण्यात बुडवून ठेवतो आणि पूर्ण कुजल्यावरच ढिगावर ओततो. वास असा की जावई दारातूनच परत जाईल. लव्हाळ्याच्या गाठी गच्चीवर पत्र्यावर टाकून मे महिन्याच्या उन्हात पार सुरकुतेपर्यंत वाळवायच्या. गाजर गवत फुलायच्या आत उपटलं तर खुशाल खतात जाऊ दे, फुललेलं मात्र नाही. आणि खत पसरण्याआधी एक कुंडी भरायची, पाणी घालायचं, तण उगवतं का ते दोन आठवडे बघायचं. एक कुंडी, साहेब! त्याला टेंडर लागत नाही.

पोर्टलवर तक्रार केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'निराकरण झाले आहे', सोबत भलत्याच बागेचा फोटो. कार्यालयात आलो तर सांगितलं, खड्डा आमचा, खत त्यांचं, गोणी तिसऱ्याची. ठेकेदाराला वजनावर पैसे मिळतात असं ऐकतो. खरं असेल तर चिखलही सोन्याच्याच भावाने जात असणार.

हे मुंबई शहर १९२७ पासून देवनारच्या कचराभूमीवर कचरा टाकत आलंय. २०१६ला तिथे आग लागली तेव्हा आम्ही खिडक्या बंद करून धुरात बसलो होतो. त्याच वर्षी घनकचऱ्याचे नियम आले, बागेचा कचरा जाळायचा नाही, रस्त्यावर टाकायचा नाही, वेगळा ठेवायचा. आम्ही वेगळा ठेवला. सुका वेगळा, ओला वेगळा, पालापाचोळा वेगळा. मग आपली गाडी आली आणि तिघांना एकत्र घेऊन गेली. शिस्त फक्त आम्हालाच का? मार्च २०२२ला महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हता, तेव्हा हा प्रश्न कुणाच्या दारात ठेवायचा हेही कळत नव्हतं.

आता कळलंय. आपल्या उरलेल्या अर्ध्या गोणीने मी एक कुंडी भरली होती. चौदा दिवसांत तेवीस रोपं उगवली, मोजली आहेत. सोमवारी सकाळी अकरा वाजता ती कुंडी आपल्या टेबलावर आणून ठेवतोय. फुलायला अजून तीनेक आठवडे आहेत. पाणी घालायला विसरू नका.

आपला,
खाजवणारा एक ज्येष्ठ नागरिक, पूर्व उपनगर