गीझरचा रिले काढायला सांगितलाय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर विषय अर्धवट राहिला, म्हणून लिहून कळवते. गीझरच्या टायमरखालचा रिले (टायमरच्या इशाऱ्यावर गीझरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) परवा वायरमन येऊन काढणार आहे. त्याच्याशी बोलणं झालंय, मजुरीही पाठवली आहे. बाबा, रागावू नका. घरातली अर्धी वायरिंग तुमच्या हातची आहे आणि अजून एकही जोड सैल नाही. पण स्टुलावर उभं राहून, मान वर करून काम आता नको. आत्याच्या इस्त्रीच्या वेळेस ठरलं होतं ना आपलं?

रिले निवडताना चूक माझी झाली. गीझर 2000 वॅटचा, म्हणजे 230 व्होल्टला 8.7 अँपिअर. पहाटे व्होल्टेज 250 झालं की तोच साडेनऊ अँपिअर ओढतो. रिले 10 अँपिअरचा. कागदावर चालतं, पण दर वेळी जोडताना आतल्या काँटॅक्टवर (वीज जोडणाऱ्या धातूच्या टोकांवर) बारीक ठिणगी उडते. त्यात बाथरूमची वाफ आणि बंद डबी. शेवटी काँटॅक्ट एकमेकांना चिकटले. टायमर ‘बंद’ दाखवतो तरी गीझरचा दिवा लागतो असं आई म्हणाली, ते यामुळेच.

घाबरायचं कारण नाही, पाणी तापलं की थर्मोस्टॅट (गीझरमधला तापमान राखणारा स्विच) वीज तोडतोच आहे. पण आता सगळा भार त्या एकट्यावर आहे. तो अडकला तर मागे जादा तापल्यावर वीज तोडणारा कटआउट आणि दाब सोडणारा प्रेशर व्हॉल्व्ह एवढेच उरतात. म्हणून तोवर गीझर मोठ्या डीपी (दोन्ही तारा तोडणाऱ्या) स्विचनेच बंद करायचा. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 वर यायला साधारण 16 मिनिटं लागतात. पावणेसहाला लावा, सहा-पाचला बंद करा आणि मगच आंघोळीला जा. बाबा, डबीवर टिचकी मारून बघू नका. टिचकीने काँटॅक्ट सुटतात, पण पुन्हा चिकटतात, आणि आपल्याला वाटतं बरा झाला.

वायरमन आला की तुम्ही खुर्चीवर बसून त्याच्याकडून करून घ्या. आधी गरम पाण्याची एक बादली काढून टाकायला सांगा. पाणी तापलेलं असेल तर थर्मोस्टॅट उघडा असतो, दिवा लागत नाही आणि तो म्हणेल, ‘सगळं ठीक आहे.’ मग टायमर बंद ठेवून मीटर लावायचा. रिलेच्या कॉइलच्या (त्याला चालवणाऱ्या गुंडाळीच्या) ए1-ए2 टोकांवर शून्य आणि आउटपुटला 230 आलं, तर काँटॅक्ट चिकटलेत. उलट टायमर चालू करून कॉइलवर 230 आणि आउटपुटला शून्य, तर ते किंवा कॉइल जळाली आहे. टायमर चालू करूनही कॉइलला काहीच येत नसेल तर दोष टायमरचा, रिलेचा नाही.

नंतर मेन बंद करून गीझरच्या हीटरच्या वायरी सोडवून रेझिस्टन्स बघायचा. 26-27 ओहम हवा. हीटर आणि टाकीची बॉडी यांच्यात मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) 1 मेगाओहमच्या वर. कमी आलं तर हीटर बदलायचा, घासून परत बसवू देऊ नका.

नवीन माल मी कुरिअरने पाठवलाय: 25 अँपिअरचा टू-पोल काँटॅक्टर (जास्त भार पेलणारा मोठा रिले), 230 व्होल्ट कॉइलचा, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच). काँटॅक्टर बाथरूमबाहेर, बोर्डाशेजारी. टायमर आता फक्त त्याची कॉइल चालवेल. जुन्या वायरीचं टोक काळं पडलं असेल तर लखलखीत तांबं लागेपर्यंत कापून, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) लावूनच स्क्रू आवळायचा. आरसीसीबीवर मात्र माझा हट्ट आहे. एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) माणसाला बसणारा शॉक ओळखत नाही. अर्थिंगही तपासून घ्या, वाड्यातल्या मीटरपेटीचं तुम्ही विसरला नसाल.

आई, पाणी पूर्वीसारखंच ऊन येईल, फक्त थर्मोस्टॅट 50 वर ठेवायला सांगितलाय. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि साखरेमुळे बाबांच्या पायांना चटका उशिरा कळतो. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. विसण नंतर घालायची सवय सोड. बंबाचं पाणी माझ्या अंगावर घालण्याआधी तू कोपर बुडवून बघायचीस ना, तसंच बाबांच्या बादलीत बघत जा.

काम झालं की बोर्डाचं झाकण लावण्याआधी एक फोटो पाठवा.

तुमची,
चिमी