आप्पा, तुम्ही शिकवलेले तीन प्रश्न

आप्पांना साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "चहा गार होतोय" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितोय, आणि गाडीवरच्या चार पोरांनी वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

लासलगावचा कांदा मी सात वर्षं वाहिला. 2020 च्या टाळेबंदीनंतर शेठचे हप्ते थकले, गाड्या उभ्या राहिल्या. मग हेवी लायसन्स खिशात घालून आडगावच्या ट्रक टर्मिनलपासून कळंबोलीपर्यंत हिंडलो. ड्रायव्हर मिळत नाहीत असं जो तो सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. पण त्यांना हवा होता महिना महिना घर न बघणारा, ताडपत्री फाटली तर भरून देणारा, एव्हरेज कमी आलं तर गुमान पगार कापू देणारा ड्रायव्हर. एका ठिकाणी दोन महिने राबलो. हिशेबाच्या दिवशी उचल वजा केली आणि उलट माझ्याच अंगावर पैसे निघाले. घरी फोन लावला, पण तोंडातून शब्द फुटेना. ठेवून दिला.

त्यानंतर मनमाडला वजनकाट्याजवळच्या टपरीवर तुम्ही भेटलात. माझं सगळं ऐकून घेतलंत. पगार किती होता, हे विचारलंच नाहीत. म्हणालात, "कामावर चढायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या. उचल कशी फेडून घेता? माल वजनात कमी भरला तर पैसे कोण भरतं? गाडी वाटेत बंद पडली तर भत्ता चालू राहतो का?" सात वर्षांत यातलं एकही मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारता येतं हेच ठाऊक नव्हतं.

पानेवाडीच्या डेपोतून पेट्रोल-डिझेल भरणाऱ्या टँकरवर काम मिळेल, पण साध्या हेवी लायसन्सवर नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि लायसन्सवर तशी नोंद करून घ्यायची. कोर्सची फी तुम्ही भरलीत. मी नको म्हणत होतो, तर "पहिल्या पगारात दे" म्हणालात आणि पहिल्या पगाराला घेतले नाहीत.

खरं शिकणं मात्र त्या तीन दिवसांत झालं नाही. तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही माझ्या डाव्या बाजूला येऊन बसायचात. आठ फेऱ्या, एक पैसा न घेता. राहुड घाट आठवतो? टँकरचे दोन कप्पे चांदवडला खाली झालेले, दोन भरलेले. मी कांद्याच्या गाडीच्या सवयीनं उतारावर जरा सैल सोडली. तुम्ही ओरडला नाहीत. गाडी बाजूला घ्यायला लावलीत आणि खाली उतरवून विचारलंत, "वजन आता कुठं बसलंय सांग." मला सांगता येईना. टँकरभोवती एक चक्कर मारायला लावलीत, कुठला कप्पा भरला आणि कुठला मोकळा ते हात लावून दाखवलंत, मग पुन्हा गियरमध्ये घालायला दिलीत. आजही पंपावर एक कप्पा खाली झाला की निघण्याआधी मी ती चक्कर मारतो. अर्थिंगची वायर आधी जोडायची, झडप नंतर उघडायची. नारिंगी पाटीवरचा 1203 म्हणजे पेट्रोल, 1202 म्हणजे डिझेल, आणि ती पाटी चिखलानं झाकली असेल तर आधी पुसायची, कारण आग लागली तर अग्निशमनवाले तेच वाचणार. हे तुम्ही इतक्या वेळा म्हणवून घेतलंत की आमची पोरगीसुद्धा घरात म्हणायची.

मालकाकडे नेलंत तेव्हा टँकरचा अनुभव किती, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी गप्प. तुम्ही म्हणालात, "माझ्या जबाबदारीवर घ्या." चाळीस वर्षांत कमावलेलं नाव माझ्यासाठी पणाला लावलंत, आप्पा. मी चुकलो असतो तर ते गेलं असतं. आणि तरी, तुमच्यासमोरच, तीन प्रश्न मालकाला मलाच विचारायला लावलेत. माझा आवाज कापत होता. त्यांनी तिन्हींची सरळ उत्तरं दिली.

1 जानेवारी 2024 ला अपघात करून पळालेल्या ड्रायव्हरला नव्या कायद्यात ठेवलेल्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या धास्तीनं पानेवाडीत टँकर उभे राहिले, तेव्हा हे काम सोडावं असं माझ्या मनात आलं होतं. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात, भाकरी खाल्लीत, बराच वेळ बसलात. कायद्यावर एक शब्द बोलला नाहीत. तुमच्या बसण्यानंच मी थांबलो, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतोय.

आता पगार ठरल्या तारखेला खात्यात येतो, पीएफ कापला जातो. बहुतेक रात्री मी घरी जेवतो. पोरगी चौथीत गेली, तिचा अभ्यास मी घेतो. कांद्याच्या गाडीवर होतो तेव्हा तिला मी ओळखीचासुद्धा वाटायचो नाही, दारात दिसलो की आईच्या मागं लपायची.

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, स्टिअरिंग सुटलं, याचं तुम्हाला किती वाईट वाटतंय ते मला दिसतं. तुमचं डिपची दांडी, म्हणजे कप्प्यातलं तेल मोजायची दांडी, पुसायचं फडकं मी दुसऱ्या कुणाला वापरू देत नाही, ते माझ्याच गाडीत आहे.

कोर्सच्या फीचे पैसे परवा माईंकडे दिलेत. त्यांनी मोजून घेतलेत, डब्यात ठेवलेत. आता परत पाठवू नका.

तुमचा,
नांदगाव तालुक्यातला एक टँकर ड्रायव्हर