गॅस तीनदा भरला, गळती एकदाही शोधली नाही

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : गळती न शोधता गाडीच्या एसीत वारंवार गॅस भरल्याबद्दल आणि त्यामुळे जाम झालेल्या कॉम्प्रेसरबद्दल तक्रार

महोदय,

तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने अकरा महिन्यांत माझ्या गाडीच्या एसीत तीन वेळा गॅस भरला. आता कॉम्प्रेसर जाम झाला आहे आणि तो बदलण्याचं सगळं बिल माझ्या नावावर काढलं आहे. वॉरंटी संपली आणि पार्ट झिजला, एवढंच मला सांगितलं गेलं. हे मला मान्य नाही.

पहिल्यांदा गाडी आणली तेव्हा तक्रार साधी होती. गाडी पळत असताना हवा बऱ्यापैकी गार यायची, सिग्नलला थांबलं की कोमट. "गॅस कमी झालाय, भरून देतो," असं सांगून तासाभरात गाडी हातात दिली. सात महिन्यांनी पुन्हा तेच झालं. तेव्हा मी सरळ विचारलं, की आधीचा गॅस गेला कुठे? उत्तर मिळालं, "वापराने कमी होतो, मॅडम." पुढे तीनच महिन्यांत तिसऱ्यांदा आले, तेव्हा मी गळती तपासायला सांगितली होती. जॉब कार्डावर मात्र फक्त "एसी गॅस टॉप-अप" एवढंच लिहिलं आहे. तिन्ही जॉब कार्डांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, तो थंड करणारा कंडेन्सर, दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, आतली हवा गार करणारी कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर, असा तो बंद वाटेने फिरत राहतो. रबरी नळ्यांतून आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, हे मीही धरून चालते. पण सात महिन्यांत, मग तीन महिन्यांत कूलिंग जात असेल तर कुठेतरी भोक आहे आणि ते मोठं होत चाललं आहे, हे रोज हेच काम करणाऱ्यांना कळायला हवं होतं. माझ्या गाडीच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर आर-१३४ए गॅस ४५० ग्रॅम लागतो असं छापलेलं आहे. उरलेला गॅस मशीनने काढून त्याचं वजन केलं असतं, तर किती गेला ते तिथल्या तिथे समजलं असतं. एकाही जॉब कार्डावर ग्रॅमचा आकडा नाही.

तिसऱ्या भरणीनंतर चौथ्या आठवड्यात वडिलांना दवाखान्यातून घरी आणत होते. बॉनेटखालून करकर आवाज आला आणि पाठोपाठ रबर जळल्याचा वास. एसीचं बटण बंद केलं तेव्हा आवाज थांबला. पाऊस होता, त्यामुळे काचा खाली करता येईनात आणि एसी नाही म्हणून समोरची काच आतून धुरकट होत गेली. दर दोन मिनिटांनी हाताने काच पुसत, धास्तावून गाडी चालवली. मागच्या सीटवर आजारी माणूस असताना ते अंतर कसं कापलं ते माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या एका एसी मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यांनी पुढची जाळी काढून कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यावर टॉर्च मारला. तिथे करंगळीच्या नखाएवढा काळा, ओलसर डाग होता, त्यावर धूळ चिकटून लेप झालेला. पांढऱ्या फडक्याने पुसला तर फडक्याला तेल लागलं. मग त्यांनी नायट्रोजनचा दाब दिला, साबणाचं पाणी लावलं आणि त्याच जागी बुडबुडे फुगायला लागले. याचा व्हिडिओही सोबत पाठवत आहे. तीन भेटींत तुमच्या सेंटरमधल्या कुणीही तिथे वाकून पाहिलं नव्हतं.

कॉम्प्रेसरला वंगण देणारं तेल गॅसबरोबरच फिरतं आणि गळतीतून गॅसबरोबर तेही जातं. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. तो वाचावा म्हणूनच ती सोय आहे. तुमच्या लोकांनी प्रत्येक वेळी गॅस भरून दाब वर आणला, स्विचला सगळं ठीक आहे असं भासवलं आणि कॉम्प्रेसर कमी तेलावर पुन्हा पळवला. तेल भरल्याची नोंद कुठेच नाही. मग ही झीज माझ्या वापराने झाली असं कसं म्हणता?

आणखी एक गोष्ट मनाला लागली आहे. आर-१३४ए हवेत सुटला की १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट तापमानवाढ करतो, असा आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या चौथ्या अहवालातला आकडा आहे. याच जातीचे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायला २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत जगभरातले देश राजी झाले. आणि माझ्या गाडीतून तो तीनदा हवेत गेला, कारण भोक शोधायला कुणाला वेळ नव्हता.

काउंटरवरच्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही, तो दरवेळी नीट बोलला. पण गळती शोधल्याशिवाय गॅस भरायचा नाही, हा नियम त्याने नाही, तुम्ही घालून द्यायचा असतो.

म्हणून कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर कंपनीने स्वतःच्या खर्चाने बदलून द्यावेत, आणि तिन्ही गॅस भरण्यांचे पैसे परत करावेत. जाम झालेल्या कॉम्प्रेसरचा धातूचा कीस पाइपांतून पुढे गेलेला असू शकतो, त्यामुळे लाइन फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, ओलावा शोषणारा ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हही नवे घालावेत. नाहीतर नवा कॉम्प्रेसरही याच वाटेने जाईल. नंतर पाइपांतली हवा आणि ओलावा काढायला व्हॅक्यूम किती वेळ धरला, तेल किती घातलं आणि गॅस किती ग्रॅम भरला, हे जॉब कार्डावर लिहून मिळावं.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी ग्राहक आयोगाकडे जाईन. गाडी सध्या तुमच्याच सेंटरमध्ये उभी आहे. जुना कॉम्प्रेसर आणि जुना कंडेन्सर माझ्या परवानगीशिवाय टाकून देऊ नयेत, अशी सूचना कृपया आजच तिथे द्यावी.

आपली,
गाडीची मालक