‘१५ ते १’ म्हणजे नेमके किती ठिपके?

महोदय,

दिवाळीच्या पुरवण्यांत ठिपक्यांच्या रांगोळ्या छापून येतात आणि खाली एवढेच असते : ‘१५ ते १’, म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके आणि वर-खाली कमी होत शेवटी १. यावरून रांगोळी काढता येत नाही. दोन ठिपक्यांच्या मध्ये ठिपका घेत (म्हणजे ‘मधले ठिपके’) एकेक कमी केला, तर मधल्या ओळीच्या वर-खाली चौदा-चौदा ओळी होतात, एकूण ठिपके २२५. ठिपक्यासमोर ठिपका ठेवून दोन-दोन कमी केले, तर सात-सात ओळी आणि ठिपके ११३. घोटाळा कळतो तो शेवटची पाकळी जुळेना की. तोवर अंगण भरलेले असते. ‘१५ ते ८’ला हा प्रश्न नाही. दोन-दोनने उतरत १५वरून ८वर येताच येत नाही, म्हणजे ठिपके मधलेच, एकूण १६९.

दुसरी गोष्ट अंतराची. मधल्या ठिपक्यांच्या रांगोळीत दोन ठिपक्यांत ४ सेंमी असतील, तर दोन ओळींत साडेतीनच हवेत. दोन्हीकडे चार घेतले की सहा पाकळ्यांपैकी आडव्या दोन आखूड आणि तिरप्या चार लांब होतात. रकान्यात बसवायला चित्र एका बाजूने दाबले, तरी आकार असाच बिघडतो.

हात सरावाचा नसेल तर ठिपक्यांचा कागद करावा. वरच्या मापाने ‘१५ ते ८’ला साधारण ५६ × ४९ सेंमी जागा लागते, वर्तमानपत्राचे जोडपान पुरते (रद्दीचा याहून चांगला उपयोग नाही!). भोके पेटत्या उदबत्तीने, ज्वारीच्या दाण्याएवढी पाडावीत. सुईने पाडली तर कागदाची कड मागे उभी राहते आणि रांगोळी तिथेच अडते. मधली ओळ आधी आखून मग वर-खाली जावे. रांगोळी चाळून, उन्हात वाळवून घ्यावी. दमट असली की भोके बुजतात. मूठभर पसरून तळवा हलकेच फिरवावा आणि कागद दोन्ही हातांनी सरळ वर उचलावा. बाजूला ओढला की प्रत्येक ठिपक्याला शेपूट फुटते.

तेव्हा नमुन्याखाली मधल्या ओळीतले ठिपके, एकूण ओळी आणि ठिपके समोरासमोर की मधले, एवढे छापावे. जमल्यास एखादा नमुना मधल्या जोडपानावर खऱ्या मापात द्यावा. उदबत्ती घेऊन थेट भोकेच पाडता येतील.

– एक वाचक, पुणे