योगशिबिरांत लोड-पट्ट्यांनाही जागा हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२१ जूनचा योग दिन जवळ आला की मैदानांवर सतरंज्या पडतात, ध्वनिक्षेपकावरून सूचना सुरू होतात आणि लहानथोर सगळे एकाच दमात पादहस्तासनात, म्हणजे उभ्याने हात पायांशी टेकवायला, वाकतात. लंडन-अमेरिकेतल्या चांगल्या अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गाची रीत वेगळी असते. रक्तदाब, काचबिंदू, गुडघा, कंबर, गर्भारपण यांची चौकशी आधी होते, हात लावण्यापूर्वी शिक्षक विचारतात आणि भिंतीशी लाकडी विटा, पट्टे, घोंगड्या, लोड, खुर्च्या रचलेल्या असतात.

ही साधने मुळात आपल्याच पुण्याची. या पद्धतीचे जनक योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि वयस्क, आजारी, ताठर अंगाच्या माणसांनाही आसन जमावे म्हणून त्यांनी ती घडवली. १९५२ मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांना भेटले, १९५४ मध्ये त्यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावले आणि तिथून ही पद्धत युरोपभर गेली. आपल्या शिबिरांत मात्र ती क्वचितच दिसते, याचे वाईट वाटते.

पादहस्तासनच घ्या. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असतात. हात जमिनीला टेकवायच्या हट्टात ओटीपोट पुढे वळत नाही, पाठीची कमान होते आणि सगळा ताण कमरेच्या मणक्यांतल्या चकत्यांवर येतो. अशांनी पावले कमरेइतकी रुंद ठेवून हात खुर्चीच्या बैठकीवर किंवा उभ्या ठेवलेल्या विटांवर टेकवावेत, वाकणे जांघेतून व्हावे, पाठ लांब राहावी. गुडघे किंचित दुमडले तरी चालतात.

वज्रासनात गुडघा दुखत असेल तर नितंब आणि टाचा यांच्यामध्ये घोंगडीची जाड घडी घालावी. घोटे आखडले असतील तर त्यांच्याखाली पंचाची गुंडाळी सरकवावी. तरीही कळ आली तर खुर्चीवर बसावे. सहन करून बसण्यात साधना नाही, इजा आहे. शवासनाला तर अनेक शिबिरांत दोन मिनिटेही मिळत नाहीत. निदान पाच हवीत, कंबर दुखणाऱ्यांच्या गुडघ्यांखाली लोड ठेवून.

तिकडचे सगळेच उचलावे असे मुळीच नाही. अमेरिकेच्या अॅलाबामा राज्यात १९९३ पासून सरकारी शाळांत योगाला बंदी होती. २०२१ मध्ये ती उठली, पण आसनांची नावे इंग्रजीतच घ्यायची, मंत्र आणि ‘नमस्ते’ वर्ज्य, या अटींवर. चाळीस अंशांवर तापवलेल्या खोलीत दीड तास चालणारे वर्गही आहेत. उष्णतेने अंग सैल वाटते, माणूस झेपेल त्यापेक्षा जास्त ताणतो आणि घाम जाऊन चक्कर येते. यमनियम, प्राणायाम यांना अशा ठिकाणी फारसा वाव नसतो. आपल्याकडे तो वारसा जिवंत आहे, म्हणूनच शरीराच्या बाबतीतली बेफिकिरी अधिक खटकते.

आयोजकांना विनंती अशी : यंदाच्या निमंत्रणातच ‘येताना दोन जाड चादरी, एक पंचा आणि एक उशी आणावी’ असे छापावे. साठीपुढच्यांची रांग भिंतीलगत, खुर्च्यांसह असावी. दर पंधरा-वीस जणांमागे एक जाणता शिक्षक फिरता ठेवावा आणि व्यासपीठावरच्या भाषणांतली दहा मिनिटे कापून ती दुखण्यांच्या चौकशीला द्यावीत.

आपले,
काही योगशिक्षक, पुणे